पाणी न घालण्याची जबाबदारी

पाहुण्यानं दारात चपला काढेपर्यंत ज्या घरात तांब्या-भांडं पुढे येतं, नको-नको म्हणणाऱ्याच्या पानात जिथे आग्रहाची पोळी पडते आणि "जेवलास का?" हीच जिथे मायेची पहिली चौकशी असते, त्या घरात बॅरल कॅक्टस जगवणं महाकठीण. बागकामाची पुस्तकं हे सांगत नाहीत. 'नवशिक्यांसाठी अगदी सोपं झाड' एवढं लिहून ती मोकळी होतात. सोपं आहेच. त्यासाठी फक्त एकटा राहणारा, अंगानं आळशी आणि दुसऱ्याच्या ताटात काय आहे हे न बघणारा मालक हवा. असा माणूस आमच्या कोथरूडमध्ये औषधालाही सापडायचा नाही.

कारण हे झाड उपासमारीनं मरत नाही, पाहुणचारानं मरतं. घराघरांतून गेलेल्या कॅक्टसांचं पोस्टमॉर्टेम केलं, तर बहुतेकांच्या पोटात पाणी निघेल आणि आरोपी म्हणून उभी राहतील ती सगळी प्रेमळ माणसं.

आमचा कॅक्टस सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून आला. गोल, हिरवागार, अंगभर सोनेरी काटे आणि माथ्यावर पिवळसर लोकर. जात गोल्डन बॅरल. दोन मुठींत मावेल एवढाच होता. म्हणजे मुठीत धरता आला असता तर मावला असता. मी नर्सरीवाल्याला रीतसर विचारलं, "ह्याचं काय काय करायचं असतं?"

"काय करायचं नाही, मावशी."

"म्हणजे पाणी?"

"विसरा."

"खत?"

"ते बी विसरा."

"मग आम्ही करायचं काय?"

हा प्रश्न विचारणारी मी त्याच्याकडे पहिली नसावे. त्यानं अजिबात न गडबडता सांगितलं, "बघायचं."

पैसे देऊन घरी आणायचं आणि मग काही करायचं नाही, ही कल्पना आमच्या घराला नवीन होती. मला ती आवडली. सकाळी उठल्यापासून कुणाचं ना कुणाचं काहीतरी करण्यातच बाईमाणसाचा जन्म जातो. जिचं काही करावं लागत नाही अशी एक तरी जिवंत वस्तू घरात असावी, एवढीच माझी इच्छा. पण 'न करणं' हेही घरात कुणीतरी चोवीस तास पहारा देऊन करावं लागतं, हे नर्सरीवाल्यानं सांगितलं नव्हतं.

आमच्या ह्यांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. धरणं, कालवे, वितरिका, चाऱ्या, शेजपाळ्या. 'टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचलं पाहिजे' हे वाक्य ह्यांनी इतक्या बैठकांत उच्चारलंय की कोरडी माती दिसली की ह्यांना आपलीच काहीतरी चूक झाल्यासारखं वाटतं. निवृत्त झाल्यावर धरण राहिलं नाही, कालवा राहिला नाही. लाभक्षेत्र म्हणून बाल्कनी तेवढी उरली. तुळस, जास्वंद, मोगरा, कढीलिंब अशी सगळी खातेदार मंडळी रोज सकाळी सातला हजर. त्यांच्यात हा नवा आला.

मी कुंडीला हात लावला तर माती ओली.

"अहो, हे काय?"

"उन्हाळी आवर्तन," हे म्हणाले.

"त्याला पाणी नको असतं."

"असं प्रत्येक टेलवाल्याबद्दल हेडवाले सांगतात."

मग मी ह्यांना समजेल अशा भाषेत सांगायचं ठरवलं. हा कॅक्टस म्हणजेच एक धरण आहे. त्याच्या अंगावर जे उभे कंगोरे दिसतात ते नक्षीसाठी नाहीत. पाणी मिळालं की ते पेटीच्या भात्यासारखे फुगतात, पाणी संपत आलं की आत ओढले जातात. साल मात्र कुठेही फाटत नाही. (लहानपणी हे कंगोरेही नसतात, नुसत्या गाठी असतात, काही वर्षांनी त्या एका ओळीत येऊन कडा तयार होते.) मुळं जमिनीत खोल जात नाहीत, वरवर पसरतात. वाळवंटात पाऊस पडला की मिळेल तेवढं पटकन ओढून घ्यायचं आणि पुढचे कित्येक महिने ते पुरवायचं. पानं ठेवायची चैनच नाही, कारण पानांतून पाणी उडून जातं. म्हणून पानांचे काटे झाले. ते काटे सावली धरतात, अंगावरून जाणारा कोरडा वारा अडवतात आणि तोंड घालणाऱ्या जनावराला धडा शिकवतात.

ह्यांचे डोळे चमकले. "म्हणजे उपयुक्त साठा किती आणि मृत साठा किती?"

हा प्रश्न जगात ह्यांच्याशिवाय कुणाला पडला नसता. पण उत्तर आहे. जुन्या अमेरिकी सिनेमांत तहानेनं व्याकूळ झालेला नायक बॅरल कॅक्टसचं डोकं उडवून आतलं पाणी पितो आणि घोड्यावर बसून पुढे जातो. प्रत्यक्षात आत पाणी भरलेलं नसतंच. असतो तो कडवट, बुळबुळीत गर. बहुतेक जातींचा तो गर खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात आणि अंगातलं होतं नव्हतं ते पाणीही जातं. नायक घोड्यापर्यंतसुद्धा पोचणार नाही.

"म्हणजे सगळाच मृत साठा," हे म्हणाले. त्यांचा उत्साह निम्मा झाला, पण हात थांबले नाहीत.

पाणी जास्त झालं तर बिघडतं काय, हेही सांगितलं. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत ओली राहिली की मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरतात, मुळं गुदमरतात, मग बुरशी येते आणि कुजणं बुडापासून वर चढत जातं. वरून झाड ठणठणीत हिरवं दिसत असतं. एक दिवस सहज धक्का लागतो आणि ते कलंडतं. खाली बघावं तर सगळा लगदा. म्हणून नियम एकच: घालायचं तेव्हा कुंडीच्या भोकातून वाहीपर्यंत भरपूर घालायचं आणि मग माती तळापर्यंत खडखडीत वाळल्याशिवाय थेंबही नाही. उन्हाळ्यात साधारण दहा-पंधरा दिवसांनी, थंडीत महिन्यातून एखाद वेळा, पावसाळ्यात जवळजवळ नाहीच. शंका आली तर एक लाकडी काडी कुंडीत तळापर्यंत खुपसायची. ओली माती चिकटून आली तर मुकाट्यानं परत फिरायचं.

ह्यांनी वही केली. 'पाळी क्रमांक, दिनांक, विसर्ग, काडीची स्थिती, शेरा.' मला वाटलं, चला, सुटलो.

पण पाणी नेहमी दारानंच आत येतं असं नाही, गळतीही असते. आमच्या सासूबाईंचा स्वयंपाकघरातल्या एकाही थेंबावरचा हक्क कधी सुटलेला नाही. तांदळाचं धुवण जास्वंदीला, ताकाच्या भांड्याचं विसळण कढीलिंबाला, चहाचा चोथा गुलाबाला, ही वाटणी आमच्या लग्नाच्या आधीपासूनची. "सगळ्यांना देते, ह्यालाच कसं वगळू? पंक्तिप्रपंच बरा नव्हे," असं म्हणून त्यांनी चहाचा चोथा त्याच्याही बुडाशी ठेवला. चोथा ओल धरतो, त्यावर चिलटं येतात आणि कॅक्टसला त्यातलं काहीही नको असतं. हे त्यांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बिनसाखरेचा होता गं."

दुसरी गळती संगीताबाईंची. त्या आमच्याकडे फरशी पुसतात आणि कुठलीही वस्तू कोरडी दिसली की ती अस्वच्छ आहे असं त्यांचं मत पडतं. एकदा त्यांनी कॅक्टसला वरून आंघोळ घातली. माथ्यावरच्या लोकरीत पाणी बसलं. ती लोकर म्हणजे त्याची टाळू. नवे काटे तिथूनच येतात. मी ती कापसाच्या काडीनं टिपत बसले. संगीताबाई शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, लेकराची टाळू इतकी कुणी टिपत नाही."

तिसरी गळती रात्रीची. संध्याकाळी कुणी आलं की ग्लासात उरलेलं पाणी सिंकपर्यंत न्यायच्या ऐवजी बाल्कनीत ओतायचं, ही आमच्या नातेवाइकांची पिढीजात सवय. अंधारात तुळस कुठली आणि कॅक्टस कुठला हे कळत नाही. ज्यांना कळलं त्यांना ते बोटानं कळलं.

रात्रीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. आपली नेहमीची झाडं दिवसा श्वासाची छिद्रं उघडतात. कॅक्टसनं तसं केलं तर सगळं पाणी उन्हानं उडून जाईल. म्हणून तो दिवसभर छिद्रं घट्ट मिटून बसतो, रात्री गारव्यात उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेतो, आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचं अन्न करतो. आमच्या लेकीला, मुक्ताला, हे सांगितलं तर म्हणाली, "आई, हा मेक्सिकोचा ना? अजून तिथल्याच वेळेवर काम करत असेल." तसं नाही. तो मेक्सिकोतही रात्रपाळीच करतो.

मुक्ता ॲरिझोनात असते. तिच्याकडे बॅरल कॅक्टस रस्त्याच्या कडेला आणि घरांपुढच्या खडीत लावलेले असतात आणि त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. रानातले कॅक्टस मात्र परवान्याशिवाय उपटता येत नाहीत, तसा तिथे कायदाच आहे. ती व्हिडिओवर आजीशी बोलताना सहज सांगून गेली की तुमच्याकडे जो आहे ना, त्याला इंग्रजीत, जर्मनमध्ये, स्पॅनिशमध्ये सगळीकडे 'सासूचं आसन' अशा अर्थाची नावं आहेत. मी पटकन भाजी बघायला आत गेले. आतून ऐकू आलं, "बरं झालं हो. तिकडे निदान बस तरी म्हणतात."

आता माती. नर्सरीतून झाड येतं ते बहुधा काळ्या पिशवीत किंवा प्लॅस्टिकच्या कुंडीत, कोकोपीट भरून. कोकोपीट पाणी धरून ठेवतं म्हणून नर्सरीवाल्याला सोयीचं; पण एकदा भिजलं की लवकर वाळत नाही. म्हणून कुंडी बदलणं आलं. जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे, परलाइट आणि थोडी चाळलेली लाल माती असं मिश्रण केलं. बारीक वाळू नको, ती घट्ट बसते. कुंडी भाजलेल्या मातीची, तळाला भोक असलेली आणि झाडापेक्षा दोन बोटंच मोठी. मोठ्या कुंडीत माती जास्त, ओलही जास्त. "मोठी घ्या, वाढत्या अंगाचा आहे," असं सासूबाई म्हणत होत्या. त्यांनी आमच्या मुलीचे सगळे फ्रॉक ह्याच तत्त्वावर शिवले होते.

कुंडी बदलायला ह्यांनी ओव्हनचे हातमोजे घातले, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि 'सर्वांनी सुरक्षित अंतर ठेवावे' असं जाहीर केलं. काटे मोज्यांतून आरपार गेले. मग जुना टॉवेल आणला. काटे टॉवेलच्या धाग्यांत असे अडकले की झाड निघालं पण टॉवेल निघेना. शेवटी खरी युक्ती कामी आली: वर्तमानपत्राच्या घड्यांवर घड्या घालून जाड पट्टा करायचा, तो झाडाच्या पोटाभोवती गुंडाळून दोन्ही टोकं एका हातात धरायची आणि उचलायचं. रविवारची पुरवणी ह्या कामाला पुरेशी जाड असते. मुळांची जुनी माती हलक्या हातानं झाडली, वाळकी मुळं कापली आणि झाड नव्या कुंडीत होतं त्याच खोलीला बसवलं. ह्यांच्या बोटांत मोडलेली बारीक टोकं चिमट्यानं काढली. जी चिमट्यात येईनात त्यांच्यावर फेविकॉल लावून वाळू दिला आणि पापुद्रा सोलून काढला. टोकं त्याबरोबर निघून आली. सासूबाईंनी तेवढ्यात हळदही लावली. पिवळी बोटं पुढे करून हे सोफ्यावर बसले.

"आता भरपूर पाणी," हे म्हणाले.

"आता आठवडाभर काहीच नाही. तुटलेल्या मुळांच्या जखमा वाळू द्यायच्या असतात."

नवं घर दिलं आणि आठवडाभर पाणी नाही! ह्यांच्या आयुष्यात ह्याहून मोठी अडचण आली नव्हती. त्या आठवड्यात हे बाल्कनीत येरझाऱ्या घालायचे, वही उघडायचे, 'पाणी सोडले नाही' असा शेरा लिहायचे आणि मिटायचे.

घरात कॅक्टस आला की सल्लेही घरपोच मिळतात. तळमजल्यावरचा आयटीतला मुलगा म्हणाला, "काकू, लॅपटॉपजवळ ठेवा, रेडिएशन शोषून घेतो." तो असलं काहीही शोषत नाही. टेबलावर ठेवला की माणूस जरा मागे सरकून ताठ बसतो, एवढाच काय तो आरोग्याला फायदा. शेजारच्या वहिनींनी तर लालभडक फूल असलेला छोटा कॅक्टस एका प्रदर्शनातून आणला. "तुमच्याला अजून नाही ना आलं?" असं रोज विचारायच्या. महिने गेले तरी त्या फुलाचा रंग उतरेना तेव्हा मी जवळून बघितलं. वाळवलेलं फूल गरम गोंदानं माथ्यावर चिकटवलेलं होतं. मी काही बोलले नाही. पण बघितलंय हे त्यांना कळेल एवढा वेळ बघितलं.

सगळ्यात कळकळीचा सल्ला दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांचा. "काटेरी झाड घरात म्हणजे घरात कटकट." त्यांच्या मोबाइलवर होकायंत्र असतं. त्यांनी ते कॅक्टससमोर धरलं आणि म्हणाले, "शिवाय हा कललाय." तो उजेडाकडे कलला होता. कुठलंही झाड कलतं. त्यासाठी कुंडी अधूनमधून पाव वळसा फिरवायची असते. पण मुक्ता तेव्हा व्हिडिओवर होती. ती म्हणाली, "काका, इकडे रानातले मोठे बॅरल कॅक्टस तर दक्षिणेकडेच झुकतात. उन्हाच्या बाजूची वाढ हळू होते आणि सावलीच्या बाजूची जोरात, म्हणून, असं सांगतात. लोक त्यांना कंपास कॅक्टसच म्हणतात."

"दक्षिण!" काका दोन पावलं मागे सरले. "यमाची दिशा!"

"काका, इकडच्या उन्हाळ्यात यम चारी दिशांना असतो."

काकांना उत्तर दिलं ते सासूबाईंनी. "नाना पेठेत साक्षात विठोबा निवडुंगात सापडला. निवडुंग्या विठोबाच म्हणतात त्याला. तुकोबांची पालखी पुण्यात त्याच देवळात उतरते. विठोबाला चाललं, तुकोबांना चाललं, तुम्हालाच काय टोचतंय?"

"तो निवडुंग वेगळा," काका म्हणाले. आणि त्यांचं चूक नव्हतं. आपल्या कुंपणांवरचा त्रिधारी निवडुंग, शेर ही चिकाची मंडळी. त्यांचा कॅक्टसच्या कुळाशी काही संबंध नाही. एखादा अपवाद सोडला तर कॅक्टसचं सगळं कूळ अमेरिका खंडांतलं. आपल्या माळांवरचा फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, पण तोही समुद्रापलीकडून आलेला आणि इथलाच होऊन बसलेला. सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काटे आहेत ना? मग झालं."

ह्यांचं कॅक्टसवर खरं मन बसलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. मी एकदा त्याचा पूर्वेतिहास वाचून दाखवत होते. ह्याच्या शास्त्रीय नावात 'ग्रूसोनी' असा शब्द आहे, तो हेरमान ग्रूसोन ह्या जर्मन कारखानदारावरून आला. मागडेबुर्गला त्याचा ओतीव लोखंडाचा कारखाना होता. किल्ल्यांवर बसवायचे, तोफगोळ्यांना दाद न देणारे चिलखती बुरूज तो ओतायचा. उरलेल्या वेळात कॅक्टस जमवायचा. 1893 मध्ये कारखाना क्रुप कंपनीकडे गेला, 1895 मध्ये तो वारला आणि त्याच्या झाडांची काचघरं पुढच्याच वर्षी मागडेबुर्गच्या लोकांसाठी खुली झाली. चिलखतवाल्याला हेच झाड आवडावं हे समजू शकतं. 2014 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोएल लोदे ह्यांनी ह्याच्या प्रजातीचं नाव बदलून मोनॅकोच्या बागेचे संचालक मार्सेल क्रोएनलाइन ह्यांच्या नावावरून ठेवलं. कॅक्टसनं त्याबद्दल कुठेही अर्ज केलेला नाही.

इथपर्यंत हे पेपर वाचत होते. पुढचं वाक्य असं होतं की हे झाड मूळचं मध्य मेक्सिकोतल्या केरेतारो आणि इदाल्गो भागांतल्या दऱ्यांच्या उतारांवरचं, आणि 1990 च्या दशकात मोक्तेसुमा नदीवर सिमापानचं जलविद्युत धरण झालं तेव्हा त्याच्या वस्तीचा मोठा भाग बुडाला.

पेपर खाली आला. "उंची किती?"

"झाडाची? फार तर मीटरभर."

"धरणाची!"

"सुमारे 200 मीटर."

"कोयनेच्या जवळजवळ दुप्पट," हे आदरानं म्हणाले. मग बराच वेळ बाल्कनीकडे बघत राहिले. "म्हणजे आपल्याकडे आहे तो धरणग्रस्त आहे."

आहेच. एक धरण आणि दुसरी ती चोरून उपटून विकणारी माणसं, दोघांनी मिळून त्याला संकटग्रस्तांच्या यादीत नेऊन बसवलं. गंमत अशी की त्याच वेळी जगभरच्या नर्सऱ्यांत बियांपासून त्याची अमाप रोपं तयार होतात. मूळ गावी घर उरलं नाही आणि परदेशात मात्र ज्याच्या त्याच्या बाल्कनीत जागा. आपल्याकडेही असे पुष्कळ लोक आहेत.

त्या दिवसापासून पाणी थांबलं. पुनर्वसनाच्या फायलींचा ह्यांना दांडगा अनुभव. प्रकल्पग्रस्ताला काय हवं ते त्यालाच विचारावं, आपण ठरवू नये, हे ह्यांनी निवृत्तीपूर्वी म्हटलं होतं आणि ते आता अमलात आणता आलं. वहीवरचं नाव बदललं. 'उन्हाळी आवर्तन' खोडून 'पुनर्वसन' झालं. पिठ्या ढेकूण दिसला तर हे स्वतः कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन एकेक पांढरा ठिपका टिपतात आणि 'अतिक्रमण हटविले' असा शेरा मारतात. सासूबाईंच्या हातात तांदळाच्या धुवणाचं पातेलं दिसलं की हे दारात आडवे उभे राहतात. बेचाळीस सालच्या चळवळीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या सासूबाई तेवढ्यानं हटत नाहीत, हा भाग निराळा.

पावसाळ्यात मात्र सगळ्यांची परीक्षा असते. जुलैतल्या पुण्याचा पाऊस जोरात नसतो, पण थांबतही नाही, आणि वारा आला की बाल्कनीत तिरका घुसतो. कॅक्टसवर पारदर्शक प्लॅस्टिकचं छप्पर करायचं, बाजूंनी हवा खेळती ठेवायची, एवढंच. घरात अंधाऱ्या कोपऱ्यात हलवला तर उजेड शोधत माथा लांबट आणि फिकट होतो, आणि एकदा गेलेला गोलपणा परत येत नाही. (हा नियम माणसांनाही लागू असल्याचं आमच्या घरात मीच तेवढी मान्य करते.) छप्पर येईपर्यंत हे त्याच्यावर छत्री धरून उभे होते. खालून वॉचमननं बघितलं. साहेब स्वतः भिजतायत आणि छत्री कुंडीवर आहे, हे त्यानं सोसायटीत सांगितलं. तेव्हापासून आम्हाला मान आहे. कसला ते विचारायची सोय नाही.

आणि पाऊस सरला की घाईघाईनं ऑक्टोबरच्या उन्हात ढकलायचं नाही. ढगाळ दिवसांची सवय झालेल्या अंगावर एकदम ऊन पडलं की साल भाजते आणि तो पांढुरका डाग जन्मभर राहतो. रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्यायचं. हे काम ह्यांच्याकडे आहे. सध्या ते तासाचा हिशेब ठेवतात.

राहता राहिलं फूल. बॅरल कॅक्टसला फूल येतं, अस्सल, गोंदाशिवाय. माथ्यावरच्या लोकरीतून लहान पिवळी फुलं गोल कडं करून उमलतात. अट एवढीच की झाडाचं वय पंधरा-वीस वर्षांचं व्हायला हवं, रुंदी फूटभराच्या पुढे जायला हवी आणि ऊन भरपूर हवं. आमचा जेमतेम पाच-सहा वर्षांचा असावा. सासूबाईंनी नव्वदी कधीच बघून ठेवली आहे. त्यांनी हिशेब केला आणि म्हणाल्या, "बघू की. घाई काय आहे?"

घाई सोसायटीला आहे. आमची इमारत रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. बिल्डर 36 महिन्यांत ताबा देतो म्हणतो. तसं सगळेच म्हणतात. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. आमचा फ्लॅट अजून सासूबाईंच्या नावावर आहे आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. "ह्याला एकदा धरणानं उठवलं, आता बिल्डर उठवणार? ऊन बदललं तर फूल लांबेल. फूल बघते, मग सही करते."

सेक्रेटरी पेचात पडले. कायद्याच्या कुठल्याच कलमात हा मुद्दा नव्हता. शेवटी संस्थेच्या लेटरहेडवर पत्र आलं: 'आपल्या बाल्कनीतील निवडुंगास फूल येण्याची अपेक्षित तारीख संस्थेस सात दिवसांत लेखी कळवावी.'

ह्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर असं तेज मी बघितलं नव्हतं. जुनं पेन काढलं, शाई भरली आणि एका बैठकीत उत्तर लिहिलं:

'महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर काम प्रगतिपथावर आहे. प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता माथ्यावर लोकर आढळून आली. फूल आढळून आले नाही. निसर्गाकडून मंजुरी प्राप्त होताच तारीख यथावकाश कळविण्यात येईल. तोपर्यंत कोणीही परस्पर पाणी सोडू नये.

प्रत:
1. सौ. आई
2. संगीताबाई (वाचून दाखवावी)
3. श्री. जोशी, दुसरा मजला
यांना माहितीसाठी व पुढील आवश्यक त्या कार्यवाहीसाठी, म्हणजे काहीही न करण्यासाठी.'